पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग असे नाही: त्वचेच्या बायोप्सीतील मार्कर कसे वाचावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या टाचेवरचा जुना काळा डाग गेल्या वर्षभरात पसरू लागला, कुरूप समजून त्यावर काही दिवस कॉर्न कॅप लावली गेली आणि अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी पंच बायोप्सी घेतली, म्हणजे गोल पात्याने त्वचेचा छोटा तुकडा काढला. पहिल्या अहवालात ‘मेलॅनोसाइटची असामान्य वाढ, मेलॅनोमाचा दाट संशय, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आवश्यक’ एवढेच होते. मेलॅनोमा हा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही पेशींतली ठरावीक प्रथिने, म्हणजे मार्कर, रंगाने दाखवणारी चाचणी. दुसऱ्या अहवालात एस-१००, सॉक्स-१०, मेलॅन-ए आणि एचएमबी-४५ पॉझिटिव्ह, सायटोकेराटिन निगेटिव्ह, पीआरएएमई सर्वदूर पॉझिटिव्ह, केआय-६७ सुमारे १५ टक्के, आणि निदान ‘अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा, ब्रेस्लो जाडी १.४ मिमी, व्रण नाही’ असे आले; इथे व्रण म्हणजे गाठीवरची उघडी जखम. चार मार्कर पॉझिटिव्ह आल्यामुळे कर्करोग ठरला का, तसे असेल तर ही चाचणी पहिल्याच दिवशी का केली नाही, खात्रीसाठी दुसरीकडे पुन्हा तुकडा काढावा का, आणि इतर त्वचारोगांतही अशाच चाचण्या करतात का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या चारपैकी एकही मार्कर पेशी कर्करोगाची आहे असे सांगत नाही. ती मेलॅनोसाइटच्या, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या, कुळातली आहे एवढेच तो सांगतो. आडनावावरून घराणे कळते, माणसाची चालचलणूक कळत नाही, तसेच हे आहे. आपल्या हातावरचा एखादा निरुपद्रवी तीळ काढून तपासला, तर त्यातही एस-१००, सॉक्स-१० आणि मेलॅन-ए पॉझिटिव्हच येतील. वडिलांचे निदान ठरले ते मुख्यतः साध्या हिमॅटॉक्झिलिन-इओसिन रंगाच्या काचेवर पेशींची मांडणी पाहून. मार्करांनी त्या निदानातल्या दोन-तीन मोकळ्या जागा भरून काढल्या.

ती मांडणी कशी दिसते, ते थोडे जवळून पाहू. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. निरोगी तळव्याच्या कापात बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात मेलॅनोसाइट एकेकटे, अंतर राखून बसलेले असतात. अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमात हे अंतर नाहीसे होते. पेशी खालच्या थरात एकीला एक लागून रांग धरतात, त्यांची केंद्रके मोठी, कोनदार आणि गडद होतात, काही पेशी वरच्या थरांत चढू लागतात, आणि घामाच्या नळ्यांच्या आवरणातून खोलवरही उतरतात. पुढे त्या बाह्यत्वचेखालचा तळपडदा ओलांडून अंतस्त्वचेत शिरल्या, की आजार आक्रमक झाला असे आम्ही, काचेवर तुकडे तपासणारे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणतो.

मग पहिल्या वेळी संशयावरच का थांबले? तळवा ही आमच्या कामातली फसवी जागा आहे. तळव्यावरच्या साध्या, निरुपद्रवी तिळातही मध्यभागी काही पेशी वरच्या थरांत चढलेल्या दिसतात. हेच दृश्य पाठीवरच्या तिळात दिसले असते, तर धोक्याचे लक्षण ठरले असते. उलट सुरुवातीच्या अ‍ॅक्रल मेलॅनोमात पेशी इतक्या तुरळक आणि सौम्य दिसू शकतात, की कडेवरून घेतलेल्या पंचमध्ये ‘रंगद्रव्य थोडे वाढले आहे’ एवढेच दिसते. त्यात काप कोणत्या दिशेने घेतला, यानेही फरक पडतो. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. त्या रेषांना काटकोनात काप घेतला, तर पेशी उंचवट्याखाली आहेत की खाचेखाली, हे कळते. तिळाच्या पेशी बहुधा खाचेच्या बाजूने राहतात, मेलॅनोमाच्या पेशी उंचवट्याच्या बाजूने. रेषांना समांतर काप गेला, तर ही सगळी माहिती हातची जाते. म्हणून तळव्याची बायोप्सी पाठवताना रेषांची दिशा लिहिणारा डॉक्टर मला फार मोलाचा वाटतो. अशा तुकड्यावर ‘दाट संशय’ लिहून पुढची चाचणी मागणे हे काळजीपूर्वक काम करणाऱ्याचेच लक्षण आहे.

आता आपल्या अहवालातला एकेक मार्कर घेऊ. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीमध्ये एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडतात आणि ते जिथे चिकटले तिथे रंग उमटवतात. प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून ऊतीत पाहण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली. आजची पद्धत मात्र उभी आहे ती कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधलेल्या तंत्रावर, ज्यामुळे एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवता येऊ लागले. त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एस-१०० हा सर्वांत जुना आणि सर्वांत संवेदनशील मार्कर आहे. जवळजवळ प्रत्येक मेलॅनोमा त्याला पॉझिटिव्ह असतो. परंतु मज्जातंतूंचे आवरण, चरबीच्या पेशी, कूर्चा आणि त्वचेतल्या लँगरहान्स पेशीही त्याला पॉझिटिव्हच असतात, त्यामुळे एकट्या एस-१०० वर कोणी निदान करत नाही. सॉक्स-१० फक्त केंद्रकात उमटतो आणि लँगरहान्स पेशींना लागत नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ मिळते. मेलॅन-ए आणि एचएमबी-४५ हे मेलॅनोसाइटच्या बाबतीत अधिक नेमके, परंतु संवेदनशीलतेत कमी आहेत. डेस्मोप्लास्टिक नावाच्या, वणासारख्या तंतुमय दिसणाऱ्या मेलॅनोमात हे दोन्ही बहुधा निगेटिव्ह येतात आणि फक्त एस-१०० व सॉक्स-१० साथ देतात. ज्या प्रयोगशाळेत खर्च वाचवण्यासाठी केवळ एचएमबी-४५ लावतात, तिथे असा मेलॅनोमा ‘जखमेचा साधा वण’ म्हणून सुटू शकतो.

एचएमबी-४५ चा खरा उपयोग तो कुठे उमटतो यात आहे. साध्या तिळात वरच्या पेशी पॉझिटिव्ह असतात आणि खोलवर जाताना रंग फिका होत नाहीसा होतो, कारण पेशी खाली उतरताना परिपक्व होतात. मेलॅनोमात हा उतार मोडतो, आणि तळाच्या पेशीही वरच्यांइतक्याच, किंवा ठिपक्याठिपक्यांनी, रंगतात. नीळसर तीळ, ज्याला ब्लू नीव्हस म्हणतात, त्याला मात्र हा नियम लागू नाही. तो निरुपद्रवी असूनही वरपासून खालपर्यंत सारखाच रंगतो.

आपल्या अहवालातली सर्वांत वजनदार ओळ पीआरएएमईची आहे. हे प्रथिन निरोगी प्रौढ शरीरात मुख्यतः वृषणात असते आणि अनेक कर्करोगांत पुन्हा उगवते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेच्या मूळ मेलॅनोमांपैकी पाचातल्या चारांहून अधिक गाठींत ते सर्वदूर उमटले, आणि तितक्याच मोठ्या प्रमाणात साधे तीळ पूर्णपणे निगेटिव्ह आले. अ‍ॅक्रल मेलॅनोमात तर त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. उरलेले मेलॅनोमा ते दाखवत नाहीत आणि काही तीळ थोडेफार दाखवतात. त्यामुळे काचेवरचे दृश्य आणि पीआरएएमई एकमेकांशी जुळले तर निदान भक्कम होते, आणि जुळले नाहीत तर माझा कौल दृश्याच्या बाजूने राहतो.

केआय-६७ कोणत्या पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते दाखवतो. १५ टक्के हा आकडा पाहून नातेवाईक घाबरतात किंवा ‘फक्त पंधरा’ म्हणून सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि दोन्ही अनाठायी आहे. मेलॅनोमासाठी सर्वमान्य असा कोणताही उंबरठा नाही. मोजणी कोणत्या भागात केली आणि त्यात दाहाच्या पेशी मोजल्या गेल्या का, यावर तो बराच हलतो. माझ्या मते हा आकडा अहवालात लिहायचाच असेल, तर तो कुठे मोजला हेही लिहावे. सायटोकेराटिन निगेटिव्ह या ओळीचे काम एवढेच, की या पेशी केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या नेहमीच्या पेशी, नाहीत, हे त्यातून पक्के होते.

एक गोष्ट आपल्याकडच्या त्वचेबाबत सांगायलाच हवी. मार्करचा नेहमीचा रंग तपकिरी असतो आणि मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्यही तपकिरीच. गोऱ्या युरोपीय त्वचेत हा घोटाळा क्वचित होतो, परंतु सावळ्या त्वचेत बाह्यत्वचेच्या तळाशी केराटिनोसाइटमध्येही मेलॅनिन भरलेले असते, आणि अंतस्त्वचेत मेलॅनिन गिळून बसलेल्या भक्षक पेशी असतात. नवख्या डोळ्याला हे सगळेच पॉझिटिव्ह दिसते. यावर उपाय म्हणजे लाल रंग देणारे रसायन वापरणे, किंवा आधी मेलॅनिनचा रंग रसायनाने घालवणे. आपल्या काचेवर लाल रंग वापरला होता का, हे विचारायला हरकत नाही. सॉक्स-१० आणि पीआरएएमई केंद्रकात उमटत असल्याने त्यांच्याबाबत ही शंका पुष्कळ कमी होते.

उपचारांच्या दृष्टीने मार्करांच्या लांबलचक यादीपेक्षा अहवालातली ब्रेस्लो जाडी कितीतरी महत्त्वाची आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही मोजणी सुचवली, आणि इतक्या वर्षांनंतरही रोगाचा पुढचा प्रवास सांगणारा तिच्याइतका साधा निकष दुसरा नाही. बाह्यत्वचेच्या कणीदार थराच्या माथ्यापासून सर्वांत खोल गाठपेशीपर्यंतचे हे अंतर असते. तळव्यावरचा जाड, मृत, शिंगी थर त्यात धरत नाहीत, आणि घामाच्या नळीच्या आवरणातच राहून खाली गेलेल्या पेशीही धरत नाहीत. १ ते २ मिमीदरम्यानची, व्रण नसलेली गाठ सध्याच्या वर्गीकरणात टी-२-ए या गटात बसते, आणि या जाडीला जांघेतल्या पहिल्या लसिकाग्रंथीच्या, म्हणजे सेंटिनेल नोडच्या, तपासणीची चर्चा शल्यविशारद करतातच. तरीही एक सावधगिरी ठेवावी. पंच बायोप्सीतली जाडी ही किमान जाडी असते. पूर्ण गाठ निघाल्यावर तिच्यात आणखी खोल भाग सापडला, तर आकडा वाढतो. अंतिम टप्पा मोठ्या शस्त्रक्रियेच्या अहवालावरच ठरतो.

जनुकीय तपासणी ही त्यापुढची पायरी आहे आणि ती प्रत्येकाला लगेच लागत नाही. गोऱ्या लोकांच्या त्वचेवरच्या मेलॅनोमांपैकी साधारण निम्म्यांत बीआरएएफ जनुकाचा बदल असतो. तळव्यावरच्या मेलॅनोमात तो कमी आढळतो आणि काहींत केआयटी जनुकाचा बदल असतो. आजार पसरला असेल किंवा पसरण्याचा धोका मोठा असेल, तर औषध निवडण्यासाठी हे कळणे आवश्यक ठरते. इथेही तोच नियम लागू पडतो. बीआरएएफचा बदल असंख्य साध्या तिळांतही असतो, त्यामुळे तो सापडला म्हणून तीळ कर्करोग ठरत नाही.

इतर त्वचारोगांत मार्कर वापरतात का, याचे उत्तर होकारार्थी आहे, पण प्रत्येक ठिकाणी मार्कर वेगळ्या प्रश्नाला उत्तर देतो. बेसल सेल कार्सिनोमा आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दोन नेहमीच्या कर्करोगांत गोंधळ झाला, तर बीईआर-ईपी-४ पहिल्यात पॉझिटिव्ह येतो आणि ईएमए बहुधा दुसऱ्यात. परंतु कडेला पेशींची नीटनेटकी रांग आणि गाठीभोवती फट दिसली, की बहुतेक वेळा काहीच लावावे लागत नाही. मर्केल सेल कार्सिनोमा ही दुर्मिळ पण आक्रमक गाठ फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासारखीच दिसते, आणि तिथे मार्कर खरोखर निर्णायक ठरतात. त्वचेच्या गाठीत सीके-२० केंद्रकाजवळ ठिपक्यासारखा उमटतो आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह असतो, फुप्फुसाच्या गाठीत बहुधा याच्या उलट घडते. या गाठीमागचा विषाणू २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने शोधला. याच दांपत्याने १९९४ मध्ये कपोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या आवरणपेशींच्या कर्करोगाचा विषाणूही शोधला होता, आणि त्याचे प्रथिन आज आम्ही काचेवर रोज तपासू शकतो.

डर्मॅटोफायब्रोसार्कोमा या त्वचेतून खोलवर पसरणाऱ्या गाठीत सीडी-३४ हा मार्कर सर्वदूर पॉझिटिव्ह असतो, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या निरुपद्रवी डर्मॅटोफायब्रोमात तो बहुधा नसतो. मात्र वरवरच्या बायोप्सीत चरबीत घुसलेला भाग आलाच नाही, तर कोणताही मार्कर कामाचा नाही.

ज्या आजारावर मी जरा अधिक बोलू इच्छितो, तो आपल्याकडे वारंवार चुकतो. मुलांच्या किंवा तरुणांच्या अंगावर पांढुरके, किंचित खवलेदार चट्टे येतात, महिनोन्‌महिने टिकतात. घरात कोणी त्याला कोड म्हणते, कोणी नायटा. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, कुष्ठरोग अजून दिसतो, त्यामुळे डॉक्टरही आधी संवेदना तपासतात, आणि ते योग्यच आहे. परंतु यांतले काही रुग्ण मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लसिकार्बुदाचे (लिम्फोमाचे) असतात, आणि त्याचा हा पांढुरका प्रकार सावळ्या त्वचेत अधिक आढळतो. इथे काचेवर टी-लसिकापेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, बाह्यत्वचेत शिरून तळाशी रांग धरताना दिसतात, तीही आजूबाजूला फारशी सूज नसताना. मार्करांत सीडी-३ पॉझिटिव्ह असतो, अनेकदा सीडी-८ चे प्राबल्य असते आणि सीडी-७ हरवलेला असतो. पण साध्या दाहातही सीडी-७ थोडाफार हरवतो. टी-पेशींच्या जनुकाची एकवंशीयता, म्हणजे त्या सगळ्या एकाच पेशीपासून उपजल्याची खूण, काही निरुपद्रवी आजारांतही सापडते. म्हणूनच या आजाराचे निदान अनेकदा एका बायोप्सीत होत नाही. अंगाच्या वेगवेगळ्या भागांतून, आणि त्याआधी दोन ते चार आठवडे स्टेरॉइड मलम थांबवून, पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. पालकांना हे चालढकल वाटते, परंतु मलम चालू असताना घेतलेला तुकडा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. याच चट्ट्यांत कुष्ठरोगाची शंका असेल, तर फाइट-फॅराको पद्धतीचा रंग वापरतात. त्यात मेण काढताना झायलिनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात, कारण कुष्ठजंतूचे आवरण नाजूक असते आणि नुसत्या झायलिनमध्ये त्याची रंग धरून ठेवण्याची ताकद जाते. इतक्या साध्या वस्तूने हे काम होते, याचे कौतुक मला आजही वाटते.

पाण्याने भरलेले फोड येणाऱ्या आजारांत परिस्थिती वेगळी आहे. पेम्फिगसमध्ये आयजीजी प्रतिपिंड पेशींच्या मधल्या जागेत जाळीसारखे उमटतात, तर पेम्फिगॉइडमध्ये ते बाह्यत्वचेच्या तळाशी एका सरळ रेषेत दिसतात. ही तपासणी प्रत्यक्ष इम्युनोफ्लोरोसन्सने, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी, होते आणि तिच्यासाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला, की तो वाया जातो. त्यासाठी मिशेल नावाचे जतन करणारे द्रावण लागते, आणि तुकडा फोडावरून न घेता शेजारच्या शाबूत दिसणाऱ्या त्वचेतून घ्यावा लागतो. नेहमीच्या तपासणीसाठीचा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्येच, त्याच्या किमान दहापट आकारमानाच्या द्रावात पाठवावा. एकाच रुग्णाच्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली, तर दोन्ही तपासण्या जातात.

आता दुसऱ्या मताचा प्रश्न. वडिलांच्या टाचेतून खात्रीसाठी पुन्हा तुकडा काढण्याची गरज नाही, आणि माझ्या मते तसे करूही नये. प्रयोगशाळेकडे मेणाचा मूळ ठोकळा जपून ठेवलेला असतो. लेखी अर्ज करून तो ठोकळा, हिमॅटॉक्झिलिन-इओसिनच्या मूळ काचा आणि मार्करांच्या सर्व काचा मागून घ्या. त्या देण्यास प्रयोगशाळा सहसा हरकत घेत नाही, फक्त पोचपावती घेते. या सर्व गोष्टी, दोन्ही अहवाल आणि डागाचे बायोप्सीपूर्वीचे छायाचित्र एकत्र करून, जिथे त्वचाविकृतिशास्त्राचे काम नियमित चालते अशा केंद्रात पाठवा, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे त्यांतले एक. फक्त मार्करांच्या काचा पाठवू नका, कारण पाहणाऱ्याला सर्वांत आधी साधी काच लागते. पुनर्तपासणीच्या पत्रात तीन प्रश्न स्पष्टपणे लिहा: निदान मान्य आहे का, जाडी किती मोजली, आणि तुकड्याच्या कडेपर्यंत गाठ पोहोचली आहे का. हे चालू असताना शल्यविशारदांची भेट पुढे ढकलू नका. काचांची पुनर्तपासणी आणि शस्त्रक्रियेची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, आणि कॉर्न कॅपमध्ये गेलेला वेळ पाहता त्या तशाच चालाव्यात.